रोजचे चार तुकडे

माझ्या टेबलाच्या खणांत एक साधी शाळकरी वही आहे. तिच्या पानापानावर तारखा आहेत आणि प्रत्येक तारखेपुढें एक आंकडा. बहुतेक ठिकाणीं तो आंकडा चार आहे. कोठें दोन आहे, कोठें शून्य आहे, आणि एके ठिकाणीं तर ‘उणे ८३’ असें लिहिलेलें आहे. परक्या माणसाच्या हातीं ही वही लागली, तर दुधाच्या रतिबाचा हिशेब म्हणून तो ती बाजूस ठेवील. त्या उणे ८३ पाशीं मात्र तो बुचकळ्यांत पडेल. वस्तुतः ती एका गोधडीची रोजनिशी आहे. गोधडीची म्हणणेंहि जरा अधिकच झालें. ती गोधडीच्या केवळ वरच्या पदराची रोजनिशी आहे. २०२३ सालची दिवाळी झाल्यावर हें काम मीं हातीं घेतलें, आणि आज त्याची बेरीज १,७३६ तुकड्यांवर आली आहे.

गोधडी म्हणतांच वाचकांच्या डोळ्यांपुढें जी उभी राहील, ती माझी गोधडी नव्हे. आपल्याकडची गोधडी फार मोकळ्या मनाची असते. घरांतलीं दोनचार जुनीं लुगडीं जमिनीवर अंथरावीं, जेथें विरलें असेल तेथें एखादें ठिगळ ठेवावें, आणि दोघीतिघींनीं कडेला बसून धावदोरा घालीत घालीत मध्याकडे सरकत जावें. तिच्यांत जोडणें आणि शिवणें हीं दोन निराळीं कामें नसतात. एकच टांका दोन्ही करतो. माझ्या आजोळीं पावसाळ्यापूर्वींच्या दुपारीं अशा गोधड्या गप्पांच्या भरांत होऊन जात, आणि कोणी त्यांचा हिशेब ठेवीत नसे.

मीं घेतलेलें काम याच्या उलट आहे. त्यांत आधीं लहान लहान षट्कोनी तुकडे एकमेकांस जोडून एक सबंध पदर तयार करावयाचा, आणि तो पुरा झाल्यावर मग त्याच्या खालीं जुनें कापड घालून धावदोरा. याची रीत अशी : जाड कागदाचे, एक इंच बाजू असलेले षट्कोन कापावे. त्यांहून चोहों बाजूंनीं पाव इंच मोठा असा कापडाचा तुकडा घ्यावा, आणि त्याच्या कडा कागदावर दुमडून कच्च्या शिलाईनें टांचाव्या. असे दोन तुकडे तोंडाला तोंड लावून धरावे व एका कडेवरून बारीक टांके घालीत जावें. सुईनें कापडाचे दोनतीन धागेच उचलावे. तिनें कागदाला लागूं नये, कारण पुढें तो कागद काढावयाचा असतो. एका तुकड्याच्या साही बाजूंस शेजारी येऊन बसले, म्हणजे त्याची कच्ची शिलाई उसवून आंतला कागद अलगद ओढून घ्यावा. तोंपर्यंत कागदामुळें आकारांत राहिलेलें तें कापड यापुढें शेजाऱ्यांच्या आधारानें आकार धरून राहतें. मध्यें एक, त्याच्या भोंवतीं सहा, त्यांच्या भोंवतीं बारा, त्यांच्याहि भोंवतीं अठरा, असें हें फूल वळशावळशानें वाढत जातें.

ही रीत इंग्लंडांतली आणि बरीच जुनी आहे. १७१८ हें साल तुकड्यांतच उमटविलेलें एक रेशमी पांघरूण तेथें जपून ठेवलेलें आहे. कागद दुर्मिळ होता त्या काळांत तेथील बायका जुनीं पत्रें, हिशेबाचे ताव आणि मुलांच्या कित्त्यांचे कागद कापून त्यांचे नमुने करीत; त्यामुळें ज्या पांघरुणांतले कागद काढावयाचे राहून गेले, त्यांची पाठ आज एखाद्या दप्तरासारखी वाचतां येते. माझ्या घरीं जुनीं पत्रें उरलेलीं नाहींत. परंतु मराठी घरांत ज्या कागदाचा कधींहि तुटवडा पडत नाहीं, तो माझ्यापाशीं मुबलक होता, आणि तो म्हणजे लग्नपत्रिकांचा! लग्नपत्रिकेइतका या कामास योग्य कागद दुसरा नाहीं. तो सुईपुढें वांकत नाहीं आणि बोटांना रुततहि नाहीं. माझ्या एका षट्कोनावर गणपतीची नुसती सोंड आहे, एकावर ‘चि. सौ. कां.’ एवढीं अक्षरें आहेत. आणि ‘कृपया आहेर आणूं नये’ या ओळीवर कात्री अशी चालली कीं एका षट्कोनावर ‘आहेर आणूं’ एवढेंच राहिलें. यजमानांच्या मनांतलें कदाचित् तेंच असेल!

काम हातीं घेतलें त्या दिवशीं मीं त्याचा हिशेब मांडला होता. पदर साठ इंच रुंद व नव्वद इंच लांब करावयाचा. एका षट्कोनाचें क्षेत्रफळ अडीच चौरस इंचांहून किंचित् अधिक; म्हणजे सुमारें २,१०० तुकडे झाले. प्रत्येक बाजू दोन शेजाऱ्यांत सामाईक असते, म्हणून दर तुकड्यामागें तीन शिवणी धरल्या, तर एकेक इंचाच्या ६,३०० शिवणी. आणि इंचाला बारा टांके धरले, तर पंचाहत्तर हजारांहून अधिक टांके. हा शेवटचा आंकडा पाहून मीं वही मिटली होती. पुढें कोठेंसें वाचनांत आलें कीं, मधमाशा आपलीं घरें षट्कोनीच कां करतात या फार जुन्या प्रश्नाचा निकाल टॉमस हेल्स या अमेरिकन गणितज्ञानें १९९९ सालीं लावला. सारख्या क्षेत्रफळाच्या घरांनीं सपाट जागा व्यापावयाची, तर भिंती सर्वांत कमी लागतात त्या षट्कोनांत, ही गोष्ट त्यानें सिद्ध केली. चौकोनांशीं तुलना करून पाहिली, तर माझ्या शिवणींत शेंकडा सातांची बचत होत होती. मला मोठा धीर आला. परंतु चौकोनांची शिवण एका सरळ रेषेंत धांवत जाते, आणि षट्कोनांत मात्र दर इंचाला वळावें लागतें, हें अनुभवानें लवकरच कळलें. मधमाशीला सुई धरावी लागत नाहीं, हें त्या गणितज्ञाच्या ध्यानांत कशास येईल?

मग हा उपद्व्याप मीं कां आरंभिला, हें आतां सांगावयास हवें. माझी आई २०२१ सालीं गेली, नव्वद वर्षांची होऊन. तिचीं अकरा नऊवारी लुगडीं माझ्या वांट्यास आलीं. तीं ट्रंकेंत दोन वर्षें तशींच होतीं. माझी वहिनी एकदां म्हणाली, “वन्सं, आतां घरांत नऊवारी नेसणारें आहे कोण? बोहारणीला देऊन टाका. एखादें पातेलें तरी येईल.” तिच्या बोलण्यांत वांकडें असें कांहीं नव्हतें. आईनें स्वतः आयुष्यभर तेंच केलें होतें. आमच्या घरचीं निम्मीं भांडीं बोहारणीकडूनच आलेलीं होतीं. परंतु माझ्यानें तीं देववेनात, आणि तीं कापून त्यांची गोधडी करावी असें मनांत आणलें, तर सबंध लुगड्यावर कात्रीहि चालवेना. एकदां मी धीर करून बसलेंहि होतें. घडीवर कात्री ठेवली, उचलली, आणि चहा करावयास निघून गेलें.

त्यांतून ही षट्कोनांची युक्ति निघाली. लुगड्याच्या पंचेचाळीस इंचांच्या पन्ह्यांतून अडीच इंचांची एक आडवी पट्टी काढली, म्हणजे तिचे अठरा तुकडे पडतात. त्यांतले चार आज शिवावे, चार उद्यां. एवढी एक पट्टी गेल्यानें नऊ वारांतलें कांहीं गेलेंसें वाटतच नाहीं. वास्तविक एका लुगड्यांतूनहि माझा सबंध पदर निघाला असता. परंतु अकराहि लुगड्यांतलें थोडें थोडें वर यावें आणि बाकीचें कापड गोधडीच्या पोटांत जावें, असें मीं ठरविलें. नेमानें रोज थोडें काम करणाऱ्या माणसाची लोक वाखाणणी करतात. माझ्या नेमाची मात्र कोणीं वाखाणणी करूं नये. जी गोष्ट सबंध करावयास माझी छाती होत नव्हती, ती माझी मलाच न कळतां व्हावी म्हणून मीं काढलेली ती एक पळवाट होती. एका भित्र्या बाईनें रोज चार तुकड्यांपुरतें धैर्य उसनें आणलें, इतकाच त्याचा अर्थ.

आतां त्या उणे ८३ ची हकीकत. लुगडें सर्वत्र सारखें झिजत नाहीं. कासोट्याचा व बसण्याचा भाग आधीं विरतो. पदराकडचा भाग शेवटपर्यंत धड राहतो. हें मला ठाऊक होतें. पण आरंभीं जी पट्टी हातीं येईल ती मी घेत गेलें. दोन महिन्यांनंतर एके सकाळीं मीं पहिलीं फुलें कौतुकानें खिडकींत धरलीं, तों त्यांतून खिडकीचे गज दिसूं लागले. नखानें जरा ओढतांच कापड फाटलें. ८३ तुकडे उसवावे लागले. उसवणें हें काम शिवण्याहून सावकाश करावें लागतें, कारण घाईनें ओढलेला एक धागा शेजारच्या चांगल्या तुकड्यालाहि घेऊन जातो. त्या रात्रीं वहींत उणे ८३ लिहितांना माझा हात जड झाला होता. तें न लिहितां पुढच्या बेरजा तशाच चालवाव्या, असेंहि क्षणभर मनांत आलें; परंतु फसवावयाचें तरी कोणाला? वही वाचणारी मी एकटीच होतें. तेव्हांपासून मात्र एक नियम झाला. कोणतेंहि लुगडें कापण्यापूर्वीं तें हातभर हातभर असें उजेडाला धरून पाहावयाचें, आणि मगच कात्री लावावयाची.

हा नियम केला नसता, तर पुढची गोष्ट मला कधींच कळली नसती.

२०२४ च्या श्रावणांत मीं नववें लुगडें बाहेर काढलें. हिरवें, तांबड्या कांठांचें. त्याची ओळख पटण्यास मला घडी मोडावी लागली नाहीं. त्या लुगड्याशीं माझें पन्नास वर्षांचें वैर होतें.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हां मी पुण्यास कॉलेजांत शिकत होतें. आमचें घर बार्शीस. अण्णा तेथें एका अडत दुकानांत दिवाणजी होते. बाजारांत धान्यच येईनासें झालें, मग दिवाणजींच्या पगाराची काय कथा? तो निम्म्यावर आला. मला येणारी साठ रुपयांची मनीऑर्डर मात्र एकाहि महिन्यांत चुकली नाहीं. पुढें मी बी. ए. झालें, तेव्हां बक्षीस म्हणून मीं आईजवळ एक मनगटी घड्याळ मागितलें. “यंदा नको ग बाई, पुढें बघूं,” असें ती म्हणाली. मला तें पटलेंहि होतें. परंतु पदवीदानाच्या दिवशीं ती पुण्यास आली, ती हिरवेंगार नवें लुगडें नेसून! माझ्या मैत्रिणींनीं तिची वाहवा केली. मी कांहीं बोललें नाहीं. पण लेकीला घड्याळ नाहीं आणि स्वतःला मात्र नवें लुगडें, हा हिशेब माझ्या मनानें त्याच दिवशीं मांडला आणि पुढें कधीं पुसला नाहीं. घड्याळ मीं माझ्या पहिल्या पगारांतून घेतलें. आईचें जें करावयाचें तेंहि यथाशक्ति केलें. तरी एखाद्या सणाला तें लुगडें तिच्या अंगावर दिसलें, कीं माझ्या मनाच्या दाराला आंतून एक बारीकशी कडी लागत असे.

तें लुगडें नियमाप्रमाणें मीं उजेडाला धरलें. पदर चांगला होता, पुढचे दोन वारहि चांगले होते. पुढें मधोमध एक काळसर आडवी रेघ दिसली. घडीची खूण असेल म्हणून मीं हात फिरविला. ती शिवण होती. तो दांड होता.

हा शब्द आतां मागें पडला आहे. लुगडें मध्यें विरलें, म्हणजे पूर्वींच्या बायका तेवढा भाग कापून टाकून उरलेलीं दोन टोंकें एकत्र शिवीत. किंवा दोन जुन्या लुगड्यांतले धड राहिलेले भाग एकमेकांस जोडून त्यांचें एक करीत. त्या जोडाला दांड म्हणत. कोणी दंडहि म्हणत. नेसतांना तो निऱ्यांत असा लपविला जाई, कीं पाहणाऱ्यास लुगडें सबंधच वाटे. ज्या घरांत दांडाचें लुगडें नाहीं असें घर त्या काळीं विरळा असे, आणि माझ्या अंगावर दांडाचें लुगडें आहे असें सांगणारी बाईहि तितकीच विरळा.

हें असेंच दोहोंचें केलेलें एक होतें. एका भागाच्या कांठांत तीन रेघा होत्या, दुसऱ्याच्या कांठांत चार. दोन्ही हिरव्यांत उजेडाला धरल्यावरच कळेल इतका फरक होता. चार रेघांचा भाग माझ्या आजीच्या लुगड्याचा. लहानपणीं तिच्या मांडीवर पडून त्या चार रेघा मीं बोटानें मोजलेल्या आहेत. दुसरा आईच्याच एखाद्या जुन्या लुगड्याचा असला पाहिजे. त्या सबंध लुगड्यांत नवें असें कांहीं असलें, तर तो शिवणीचा धागा. मैत्रिणींपुढें मला मान खालीं घालावी लागूं नये म्हणून तिनें तो खटाटोप केला, कीं लेकीच्या मोठेपणाच्या दिवशीं आपणहि जरा बरें दिसावें असें तिला वाटलें, हें मला सांगतां येणार नाहीं. दोन्ही खरें असेल. परंतु जें लुगडें विकत घेतलें म्हणून मीं पन्नास वर्षें मनांत अढी धरली, तें कोणीं कधीं विकत घेतलेलेंच नव्हतें.

वहींत यानंतर ओळीनें एकोणीस शून्यें आहेत. त्या दिवसांत मी रडत बसलें होतें असें लिहिलें, तर तें शोभून दिसेल. परंतु खरें सांगावयाचें तर मला पहिल्यानें आईचाच राग आला. एका शब्दानें तिनें सांगावयास काय हरकत होती? नंतर हळूहळू ध्यानांत आलें, कीं तिनें पन्नास वर्षांत सांगितलें नाहीं तसें मींहि पन्नास वर्षांत विचारलें नाहीं. माझ्या हिशेबांत उणें कांहीं असूं शकेल, ही शंकाच मला कधीं आली नव्हती.

विसाव्या दिवशीं काम पुन्हां हातीं घेतलें, तेव्हां दांडाचें काय करावें हा प्रश्न पुढें होता. तो वगळून कडेकडेच्या पट्ट्या काढल्या असत्या, तर कोणाला कळलेंहि नसतें. पण लपविणें तर आजवर पुष्कळ झालें होतें. दांडावरून कात्री चालविली तर तो उसवेल, अशी मला भीति होती. म्हणून एका टोंकाशीं अर्धाच इंच कापून पाहिला. शिवण जागची हलली नाहीं. आईनें तेथें धावदोरा घातलेलाच नव्हता. हातटीप घातली होती, प्रत्येक टांका एकदां मागें येऊन मग पुढें गेलेला. अशी शिवण कोठेंहि कापली तरी सुटत नाहीं. भिंगाखालीं मीं टांके मोजले. इंचाला सोळा भरले. मी बारा घालतें, आणि मला शाळेंत शिवणकामाचें बक्षीस मिळालेलें आहे.

पट्टीचे अठरा तुकडे पडले, प्रत्येकाच्या मधून तो दांड गेलेला. शिवण जाड असल्यामुळें कागदावर दुमडतांना कडा नीट बसेनात. एरवीं साडेचार दिवसांचें तें काम, त्याला दहा दिवस लागले. फुलाच्या तिसऱ्या वळशाला अठराच तुकडे लागतात. तो सबंध वळसा मीं त्यांचाच केला. फूल लांबून जरा ओबडधोबड दिसतें, आणि त्यावरून हात फिरविला तर बोटाला तो उंचवटा लागतो.

वहिनी एकदां आली असतां तिच्याहि बोटाला तो लागला. “वन्सं, हें काय आहे? ठिगळासारखें कांहींसें?” तिनें विचारलें. मीं तिला सर्व सांगितलें. ती पुष्कळ वेळ त्या फुलावरून बोट फिरवीत राहिली. मग म्हणाली, “माझ्याहि आईचीं चार आहेत कपाटांत. मीं नाहीं दिलीं बोहारणीला.”

माझ्या पहिल्या हिशेबाप्रमाणें हा पदर २०२५ च्या वैशाखांतच पुरा व्हावयाचा. तो तेव्हां झाला नाहीं, आणि त्याचें मला आतां वाईट वाटत नाहीं. ३६४ तुकडे उरले आहेत. रोजच्या चारांनीं मोजले तर ९१ दिवसांचें काम. परंतु मध्यें दोन येतील, शून्यें येतील, आणि क्वचित् एखादा उण्याचा आंकडाहि येईल. दहावें लुगडें चालू आहे. अकरावें अद्याप ट्रंकेच्या तळाशीं आहे. तें मीं अजून उजेडाला धरलेलें नाहीं.

आतां ऊन खिडकीवरून उतरूं लागलें आहे, आणि आजचे चार व्हावयाचेच आहेत.